पाहिले, आणि पुढे गेलो



अलीकडे आम्ही दोन पुस्तके वाचली. पहिले, आयरिश लेखिका क्लेअर कीगन यांची २०२१ सालची छोटी कादंबरी, 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. काळ १९८५ चा नाताळ. कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग मठात माल पोचवायला जातो, तेव्हा कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी त्याला दिसते. गावाला कुणकुण असते; पण सिस्टरांशी वैर कोण घेणार? कथा काल्पनिक, पण आयर्लंडमधील अशी धुलाईघरे खरी होती. शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. २०१३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

दुसरे, टारा वेस्टओव्हर यांचे आत्मकथन 'एज्युकेटेड' (२०१८). भावाने केलेल्या मारहाणीविषयी त्या बोलल्या, तेव्हा आईवडिलांनीच ते नाकारले, असे त्या लिहितात.

नामुष्की टाळण्यासाठी गप्प राहणे ही निष्ठा की पाप? घराचे नाव राखण्यासाठी घरातलेच माणूस बळी द्यावे लागत असेल, तर ती निष्ठा नव्हे, भीती होय. प्रभूच्या दाखल्यातील याजक व लेवी यांनी जखमी माणसाला मारले नव्हते. ते फक्त बाजूने निघून गेले. त्यांतला एक याजक होता, हे आम्हाला विसरता येत नाही.

फर्लाँग त्या मुलीला घेऊन भर वस्तीतून घरी निघतो. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात असे एखादे कोठार आहे काय? असल्यास आम्हाला सांगा. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर दुसऱ्याला सांगा. पण गप्प बसू नका.