जुनेपणाचे प्रमाण

चीनच्या युन्नान प्रांतात मोठ्या पानांच्या जातीचा चहा उन्हात वाळवून, वाफेवर मऊ करून त्याची साधारण 357 ग्रॅमची चकती दाबली जाते. ही चकती वर्षानुवर्षे मुरत राहते आणि तिचा तुरटपणा हळूहळू ओसरतो. हाच पू-अर चहा. त्याच्या बाजारात वय वाढेल तशी किंमत चढत असल्याने खोटे वय सांगण्याचा मोहही मोठा असतो. म्हणूनच खरेदीपूर्वी अस्सलपणा पारखणे हा केवळ व्यवहाराचा प्रश्न उरत नाही. तो प्रमाणविचाराचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याच्या मीमांसेचा प्रश्न होतो.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. त्यांपैकी प्रत्यक्षाला इंद्रिय आणि विषय यांचा संबंध लागतो. चहाचा रंग, गंध, रस आणि स्पर्श इंद्रियांना गवसतात. वय मात्र गवसत नाही, कारण वय हा चकतीचा गतकाळाशी असलेला संबंध आहे आणि गेलेला काळ इंद्रियांसमोर येऊ शकत नाही. एक घोट घेऊन ‘हा तीस वर्षांचा’ असे सांगणारा जाणकार जिभेने वय चाखत नसतो. अनुभवाच्या बळावर तो झटकन अनुमान करत असतो.

अनुमानाचा आधार व्याप्ती, म्हणजे हेतू (चिन्ह) आणि साध्य (त्यावरून सिद्ध करायची गोष्ट) यांचे अव्यभिचारी, कधीच न चुकणारे साहचर्य. ‘चहा जुना आहे, कारण त्याचा अर्क लालसर तपकिरी उतरतो’ या अनुमानात तीच ढळते. 1970 च्या दशकात युन्नानमधील कारखान्यांत ओलसर पानांचे ढीग रचून त्यांना आठवड्यांत आंबवण्याची रीत रूढ झाली, आणि असा ‘पक्का’ पू-अर पहिल्या दिवसापासूनच गडद असतो. न आंबवलेला ‘कच्चा’ पू-अरही दमट कोठारात ठेवला, तर थोड्या वर्षांत काळवंडतो. जिथे अग्नी तिथे धूर असतोच, हे विधान का चुकते ते दाखवताना नैयायिक ओल्या इंधनाचे उदाहरण देतात: धूर केवळ अग्नीमुळे निघत नाही, त्याला ओले सरपण लागते. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. चहाच्या बाबतीतही उपाधी ओलाव्याचीच आहे. रंग काळाने चढला की दमटपणाने, हे रंग स्वतः सांगू शकत नाही.

म्हणून एका चिन्हावर न विसंबता अनेक चिन्हे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. अर्क गाळल्यावर उरलेले पान बोटांत धरले, तर चांगल्या जागी मुरलेल्या कच्च्या चहाचे पान बहुधा लवचिक राहते आणि उलगडता येते, तर जोरात आंबवलेल्या पक्क्या चहाचे पान काळे, ताठर असून उलगडण्याऐवजी तुटते. कुबट वास किंवा पानांवरची पांढुरकी बुरशी दमट साठवणुकीकडे बोट दाखवते. ही सारी चिन्हे साठवणुकीविषयी बरेच सांगतात. वर्षांचा आकडा मात्र सांगत नाहीत.

उपमान बाजूला ठेवले, तर उरते शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह सांगणाऱ्याचे वचन. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या मते आप्त तो, ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि ती जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वेष्टन हेही एक साक्षीवचनच. पण ते वाचण्यात आणि लिहिण्यात, दोन्हीकडे चूक होऊ शकते. 7542 या चहामिश्रणाच्या प्रसिद्ध क्रमांकातील पहिले दोन अंक मिश्रणाची कृती ठरल्याचे वर्ष, 1975, दाखवतात, तिसरा पानांची प्रत आणि चौथा मेंगहाई कारखाना दाखवतो. त्यामुळे तोच क्रमांक कितीतरी नंतरच्या चकतीवरही सापडतो. उलट, 1930 च्या दशकातील म्हणून विकल्या जाणाऱ्या चकतीच्या वेष्टनावर 1956 मध्ये चीन सरकारने लागू केलेली सुलभ चिनी अक्षरे दिसली, तर तो दावा तिथेच बाधित होतो. अशा बाधक पुराव्याने खोटेपणा निश्चित होतो. बाधक न सापडल्याने खरेपणा मात्र सिद्ध होत नाही, कारण जुने वेष्टन नव्या चकतीवर चढवता येते.

ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते, असे मीमांसादर्शनाचे अनुयायी म्हणतात. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः सफल प्रवृत्तीवरून, ठरते: पाणी दिसले, प्यायले आणि तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरे. पू-अरच्या बाबतीत ही कसोटी अर्ध्यावरच थांबते. चहा प्यायल्याने तो उत्तम आहे हे ठरते, पण तो जुना आहे हे ठरत नाही. म्हणून विवेकी ग्राहकाने आधी नमुना उकळत्या पाण्यात भिजवून पाहावा आणि वयाचा उल्लेखच नसता तर या चवीला किती मोल दिले असते, ते मनाशी ठरवावे. त्यावरचे पैसे चकती कोणी, कुठे आणि कशी सांभाळली याची तपासता येणारी साक्ष मिळाली तरच द्यावेत. चवीचे मोल प्रत्यक्षाला दिले जाते आणि वर्षांचे मोल सांगणाऱ्याच्या शब्दाला. त्यामुळे खोटे वय सांगणारा विक्रेता एका ग्राहकाचे पैसे तर घेतोच, शिवाय ज्या विश्वासावर प्रामाणिक विक्रेत्याचा शब्द प्रमाण ठरतो, तो विश्वासही नासवतो.