भार कोण पेलतं?



मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्न आहे. नव्या वसाहती, ओळीनं उभी विटांची घरं. पाहणाऱ्याला वाटतं, या विटांवरच छप्पर उभं आहे. पण असं घर बांधलं जात असताना पाहावं. आधी लाकडी सांगाडा उभा राहतो. त्यावर छप्पर चढतं. वीट येते नंतर. ती ऊन-पाऊस अडवते, घराला रूप देते. छपराचा भार मात्र बहुतेक घरांत आतलं लाकूडच पेलतं. घर पुरं झालं, की ते कुणाला दिसत नाही.

माणसांचंही असंच असतं. एखाद्याचा रुबाब आपल्याला दिसतो. पण भार कोण पेलतं? समारंभात एक जण हार स्वीकारतो. पंगतीची काळजी दुसऱ्यानंच वाहिलेली असते. घरात एकाचा आवाज मोठा असतो. घर सावरणारं माणूस कमी बोलतं.

विटेला दोष देऊ नये. तिचंही काम आहे. फक्त तिच्यावरून घराची ताकद ठरवू नये.

म्हणून श्रोतेहो, कुणाला मोठं म्हणण्याआधी, कुणाला कमी लेखण्याआधी, स्वतःला एवढंच विचारूया, इथे भार कोण पेलतं? ते माणूस सापडलं, तर आजच त्याचे आभार मानूया. आणि जमलं, तर त्याच्या भाराला आपलाही एक हात लावूया.