सर्वस्वाचे अर्पण आणि ‘कुर्बान’

मिस्साबलिदानात अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू चषकातील द्राक्षारसात पाण्याचे काही थेंब मिसळतात. द्राक्षारस ख्रिस्ताचा आणि पाणी माणसांचे, असा अर्थ संत सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकातच लावला होता. एकदा मिसळलेले ते पाणी पुन्हा वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात हेच सांगितले : धर्मगुरूच्या हातून आणि त्याच्याबरोबरीने ख्रिस्ताचे अर्पण करताना भाविकांनी स्वतःलाही अर्पण करावयास शिकावे. प्रवचनातून आम्हीही तेच सांगतो, ‘सर्वस्व वाहा.’ हा शब्द फार मोठा आहे आणि उच्चारावयास फारच सोपा.

जुन्या करारातील होमबलीत पशू संपूर्ण जाळला जाई. अर्पण करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला घासही येत नसे. (कातडे मात्र याजकाकडे जाई, असे लेवीय ग्रंथ सांगतो. आम्हा याजकवर्गाने त्याची नोंद घेतलेली बरी!) संत पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना यज्ञाची ही भाषा उचलली आणि तिला कलाटणी दिली. त्याने मागितला तो जिवंत यज्ञ, आणि तोही शरीरांचा. वाडीत राबणारे, पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने झोप काढणारे, आजाऱ्याच्या उशाशी जागणारे शरीर! १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाने तर प्रापंचिकांचे रोजचे काम, त्यांचा संसार, सोसलेली दुःखे, इतकेच नव्हे तर त्यांची विश्रांतीही या अर्पणात धरली आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. माझे ‘सर्वस्व’ सगळेच्या सगळे माझे असते काय? मी कुणाचा तरी पुत्र आहे, पती आहे, पिता आहे, देणेकरी आहे. माझ्या वेळेवर, पैशावर, शक्तीवर या साऱ्यांचा हक्क आहे. मग देवाला देताना मी दुसऱ्याच्या ताटातले तर उचलून देत नाही ना?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. ज्या धनातून आईवडिलांचे पोषण व्हावयाचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे एकदा जाहीर केले की पुत्र आपल्या कर्तव्यातून मोकळा होई. वरवर पाहता याहून धार्मिक कृत्य ते कोणते? प्रभूने त्याला देवाची आज्ञा मोडणे म्हटले. ‘कुर्बान’ हा शब्द आज आपण उच्चारत नाही, एवढाच काय तो फरक. नोव्हेना चुकत नाही, सणाच्या वर्गणीत नाव पहिले असते, आणि घरी म्हातारी आई दिवसभर कुणाच्या तरी दोन शब्दांची वाट पाहत असते. व्रतस्थांचे कुर्बान आणखी सूक्ष्म असते. ‘देवाच्या कामात आहे’ एवढे म्हटले की दार वाजवणाऱ्याला परत पाठवता येते.

कुणी म्हणेल, याच येशूने आईबापांवर आपल्यापेक्षा अधिक प्रेम करणारा आपणास योग्य नाही, असेही सांगितले ना? सांगितले. या दोन वचनांतला ताण खरा आहे आणि तो पुसून टाकू नये. माझ्या मते त्यांतील भेद ओळखण्याची एक खूण आहे : अर्पणाची किंमत कोण मोजतो? शिष्यत्वाची किंमत प्रथम शिष्याने स्वतः मोजावयाची असते. कुर्बानाची किंमत सर्वस्वी दुसऱ्याकडून वसूल होते. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेने स्वतःची उपजीविका टाकली, शेजारणीची नव्हे.

म्हणूनच भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू सांगतो. संत जस्टिन यांनी सुमारे इ. स. १५५ मध्ये केलेल्या उपासनेच्या वर्णनात शांतीचे चुंबन भाकर आणि प्याला पुढे आणण्याच्या आधी येते. ते अर्थपूर्ण आहे. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोन भाऊ एकाच बाकावर बसून ‘स्वीकार कर’ म्हणतात, तेव्हा देवाने नेमके काय स्वीकारावे?

संत मॅक्सिमिलियन कोल्बे हे फ्रान्सिस्कन व्रतस्थ होते. सर्वस्व त्यांनी व्रतांच्या वेळीच वाहिले होते. १९४१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आउशवित्झच्या छळछावणीत दहा कैदी उपासमारीच्या शिक्षेसाठी निवडले गेले. त्यांतला एक जण बायकोमुलांच्या आठवणीने हंबरडा फोडू लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्याची जागा मागून घेतली. तेथे वेदी नव्हती, चषक नव्हता. १४ ऑगस्ट रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. फ्रान्सिसेक गायोव्निचेक हा तो कैदी युद्धानंतर पत्नीकडे परतला. १० ऑक्टोबर १९८२ रोजी रोममध्ये कोल्बे यांना संतपद बहाल करण्यात आले, तेव्हा तो तेथे उपस्थित होता. १९९५ साली, वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी, त्याचे निधन झाले.