खाऱ्या हवेतले इंजिन

देवबागच्या एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी मोटारसायकलला मीठ चुकत नाही. जुनी शंभर सीसीची गाडी ओढेनाशी झाली की ‘खाऱ्या हवेने इंजिन खाल्ले’ असा निकाल लागतो आणि गाडी गॅरेजात जाते. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा आहे हे मालकाला स्वतः इंजिन खोलल्याशिवाय नीट उमगत नाही. घरी इंजिन खोलण्याच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. पैसे वाचतात, पण ते दुय्यम.

मिठाची करणी बाहेर दिसते. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंची जोडी विद्युत घटासारखी वागते, ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. मग बोल्ट फिरण्याऐवजी तुटतो. वायरींचे जोड आणि प्लगची टोपीही अशीच खराब होते. आत मात्र तेलाचा थर असतो. तिथली झीज वेगळीच हकीकत सांगते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो. एअर फिल्टर फाटका असेल तर धूळ सिलिंडरला उभे ओरखडे पाडते. तेल वेळेवर बदलले नाही तर कॅम आणि रॉकर खरवडतात. निळा धूर आला म्हणून नुसत्या रिंगा बदलल्या आणि फिल्टर तसाच ठेवला, तर नव्या रिंगाही त्याच वाटेने जातात. उघड्या इंजिनात परिणामावरून कारणाकडे जाण्याची सवय लागते. फळ्यावरच्या आकृतीने ती लागत नाही.

घरी अचूक मापे घेता येत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. सिलिंडरची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते, आणि बोअर करणे हे यंत्रशाळेचेच काम. पण रिंगेची फट साध्या फीलर गेजने तपासता येते, आणि आपले काम कुठे संपते हे कळणेही शिक्षणच. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आणि सेन्सर आले. तरी पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक तेच आहेत. जे खरोखर बंद झाले ते माहितीचे दार. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण दुरुस्तीची पूर्ण पुस्तिका सामान्य मालकाच्या हाती सहज यायला हवी, ही मागणी ग्राहकांनीच लावून धरली पाहिजे. मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, ही भीती मला पटत नाही. ज्याने एकदा आतले काम पाहिले, तो मजुरीवरून घासाघीस कमी करतो. आणि किनाऱ्याला हे कौशल्य परके नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्यांची इंजिनेही उघडली जातात.

एक आक्षेप मात्र निर्विवाद आहे. काढलेले काळे तेल. देवबाग-तारकर्लीच्या विहिरींचे गोडे पाणी वाळूतच साठते, आणि तेल ओतले तर तेही त्याच वाळूत मुरते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक झाकणाचा डबा ठेवा, आणि जळके तेल गोळा करणाऱ्या गॅरेजातच तो रिकामा करा. हे जमणार नसेल तर इंजिन खोलू नका.