पस्तिशीत दंतवैद्य व्हायचं असेल तर

वरोऱ्यातली चालती वकिली सोडलेला एक माणूस 1949 च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकायला गेला. वय पस्तिशीचं, घरी बायको-मुलं, हातात कायद्याची पदवी. डॉक्टरकीचं शिक्षण अजिबात नाही, तरी त्या संस्थेने त्याला वर्गात बसू दिलं. परत येऊन त्याने वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं केलं. बाबा आमट्यांची ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती एका प्रवेशाचीही गोष्ट आहे. अर्ध्या आयुष्यात पेशा बदलून रुग्णसेवा शिकायला आलेल्या माणसाला कुणीतरी दार उघडलं होतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास त्या उघडलेल्या दारावाचून वेगळा झाला असता.

आज त्याच जिल्ह्यातल्या, किंवा 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतल्या, तिशी ओलांडलेल्या माणसाला दाताचा डॉक्टर व्हायचं असेल तर काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. दातच का, ते आधी सांगायला हवं.

या दोन जिल्ह्यांत खर्रा खाणारा माणूस शोधावा लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पानठेल्यावर घोटून दिला जातो. म्हातारे खातात, बाया खातात, शाळेतली पोरं खातात. जोडीला नस आहे, गुडाखू आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक ती तोंडात ठेवणारे होते. हा झाला राज्याचा आकडा. गडचिरोलीतल्या एखाद्या बाजाराच्या दिवशी नुसती माणसांची तोंडं पाहिली, तरी इथली स्थिती त्याहून गंभीर असल्याचं कळतं. गुटख्यावर 2012 साली राज्यात बंदी आली. खर्रा तर ठेल्यावर हातानेच तयार होतो, त्यामुळे कारखान्यांच्या पुड्या थांबवून तो थांबत नाही.

सुपारीतल्या ॲरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचत जातात. सुरुवातीला तिखट झोंबू लागतं. मग गाल आतून पांढुरके आणि ताठर होतात, तोंड उघडणं कमी कमी होतं. तीन बोटं उभी आत जायची तिथे दोन जातात, नंतर एकच. भाताचा घास घेताना माणूस मान तिरकी करतो. हा ताठरपणा पूर्णपणे मागे फिरत नाही, आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत वर आणखी पाण्यातल्या फ्लोराइडची भर आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलेलं फ्लोराइड लहानपणी दाताचं कवच घडतानाच त्यात शिरतं आणि पक्के दात तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. अशा दातांच्या मुली हसताना तोंडावर हात धरतात.

यावर इलाज करणारी माणसं कुठे आहेत? विदर्भातलं सरकारी दंत महाविद्यालय नागपुरात, 1968 पासूनचं. सावंगी मेघेला खाजगी आहे, हिंगणा-डिगडोहकडे आहेत. चंद्रपूरला 2015 साली वैद्यकीय महाविद्यालय आलं, आता गडचिरोलीलाही आलं आहे, पण दंत महाविद्यालय या दोन्ही जिल्ह्यांत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पद नसतं, ते ग्रामीण रुग्णालयापासून वर सुरू होतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्याही पुढे. एका दाढेसाठी कोण जाणार? दाढ दुखते, गाल सुजतो, गोळी घेतली जाते, सूज उतरते, आणि पुन्हा चढते.

हे रोज कोण पाहतं? उपकेंद्रातली एएनएम, गावातली आशा, आश्रमशाळेतला शिक्षक, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, 2016 पासून मुक्तिपथच्या व्यसनमुक्तीच्या कामात गावोगाव फिरलेला कार्यकर्ता. यांपैकी एखाद्याच्या मनात कधीतरी येतं की, आपण दुसरीकडे पाठवत राहण्यापेक्षा आपणच हे शिकावं. दंतवैद्यकाकडे येण्याचं इतकं खरं कारण मला दुसरं दिसत नाही. आपल्याकडे बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, बहुतेक मुलं एमबीबीएस हुकल्यावर येतात. ती पुढे चांगली दंतवैद्य होतातही, त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. पण ज्याने आधी तोंडं पाहिली आणि मग हा पेशा निवडला, असा विद्यार्थी आपल्या वर्गांत जवळजवळ नसतोच.

कायद्याने त्याला अडवलेलं नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण पुष्कळांना अजून वाटतं की वय निघून गेलं. नीट या प्रवेश परीक्षेसाठी खुल्या गटाला पंचवीस आणि राखीव गटाला तीस अशी वयोमर्यादा काही वर्षांपूर्वी घातली होती. तिच्यावर न्यायालयात वाद झाला, उमेदवार तात्पुरत्या परवानगीने बसत राहिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर 2021 मध्ये ती काढायचं ठरवलं आणि 2022 मध्ये तसं कळवलं. त्याआधीच, 2020 साली, ओडिशातले स्टेट बँकेतून निवृत्त झालेले जयकिशोर प्रधान वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला दाखल झाले होते. किती वेळा परीक्षा द्यावी यालाही बंधन नाही. पेपर मराठीत मिळतो. बारावीत जीवशास्त्र नसेल तर ते नंतर जादा विषय म्हणून देऊन चालेल, असं आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. मात्र बीडीएससाठी, ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली अट स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर वर्ष घालवू नये.

म्हणजे वयाची अट गेली. पण अट गेल्याने रस्ता तयार होत नाही. नीटचे 720 गुण, त्यातले 180 भौतिकशास्त्राचे आणि 180 रसायनशास्त्राचे. ज्या एएनएमने बारा वर्षं लसीकरण केलं, बाळंतपणं केली, क्षयरोग्यांच्या गोळ्या मोजल्या, तिला जीवशास्त्र पुन्हा जवळचं वाटेल. प्रक्षेपकाची गती आणि समतोल स्थिरांक मात्र पहिल्यापासून शिकावे लागतील. शिकवणार कोण? शिकवणीचे वर्ग नागपुरात, तेही सतरा वर्षांच्या मुलांच्या वेळापत्रकाने चालणारे. एटापल्लीची नोकरी करून ते जमत नाही. एएनएमला तर कुठल्याही शाखेची बारावी चालते. ती कला शाखेतून आली असेल तर विज्ञानाची बारावीच पुन्हा. मग कागद: अधिवास, जात वैधता, इतकी वर्षं शिक्षणात खंड का पडला याचं शपथपत्र. त्या खंडात तिने शंभर बाळांचं वजन केलेलं असतं. अर्जात ते लिहायला जागा नाही.

इथे मला आपल्या प्रवेशपद्धतीशी भांडायचं आहे, आणि जपून भांडायचं आहे. एका परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देण्यामागे कष्टाने मिळवलेलं शहाणपण आहे. मुलाखत आणि शिफारशी आल्या की वशिला येतो, आणि त्याचा पहिला बळी कोरचीसारख्या दूरच्या तालुक्यातला मुलगाच ठरतो. अमेरिकेत दंतशिक्षणाला जाणारा बहुधा आधी पदवी घेतो, मग प्रवेश परीक्षा देतो, शिवाय अर्जात आपण या पेशाकडे का आलो ते लिहितो आणि दवाखान्यात काढलेला वेळ नोंदवतो. तिथे वय वाढल्यावर पेशा बदलून येणारा विद्यार्थी ओळखीचा असतो. पण तिथलं शिक्षण माणसाला प्रचंड कर्जात बुडवतं. ती पद्धत उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या देशाच्या कायद्याने पस्तिशीच्या उमेदवाराला दार उघडलं, त्याने त्या दारापर्यंतची वाट सतरा वर्षांच्या मुलापुरतीच ठेवू नये.

मोठं माणूस नव्याने हे शिकू शकेल का, या शंकेचं उत्तर गडचिरोलीनेच देऊन ठेवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये सर्च ही संस्था सुरू केली. तिथे फारसं न शिकलेल्या गावातल्या बायांना नवजात बाळाची तपासणी, श्वास गुदमरल्यास करायचे उपाय, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं गेलं. 39 गावांतल्या या कामाचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. ज्या हातांनी तोवर धान रोवला होता, त्या हातांनी इंजेक्शनची मात्रा अचूक भरली. देशाच्या आरोग्य धोरणाने पुढे ते काम उचललं. एवढं झाल्यावर या जिल्ह्यातल्या प्रौढांच्या शिकण्याच्या क्षमतेवर कुणी शंका घेऊ नये.

जागा कमी आहेत म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. 2020-21 मध्ये देशात बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या सात हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितली. रिकाम्या जागा मुख्यतः खाजगी महाविद्यालयांतल्या होत्या, जिथलं वर्षाचं शुल्क लाखांत जातं. इच्छा असलेला माणूस जंगलात, रिकामी खुर्ची शहरात, आणि मधे पैसा.

म्हणून या वाटेवर निघणाऱ्याशी खरं बोललं पाहिजे. चार वर्षं आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे पाच वर्षं मिळकत बंद. कंत्राटी कर्मचाऱ्याला परतायला नोकरी राहीलच असं नाही. शिक्षण इंग्रजीतून. काम वाकून, बारीक नजरेचं. मान आणि पाठ आधीच दुखत असेल तर विचार करावा. सरकारी जागा मिळण्याइतके गुण येत नसतील, तर घर गहाण टाकून खाजगीत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात दवाखान्यांची दाटी आहे आणि नव्या बीडीएसला तिथे तुटपुंज्या पगारावर राबावं लागतं. पण जो अहेरीला, कुरखेड्याला परत येणार आहे, त्याचा हिशेब वेगळा. चाळिशीत पदवी मिळाली तरी वीस वर्षं हातात राहतात. बदलीची वाट पाहणारे कितीजण त्या तालुक्यात वीस वर्षं काढतात?

सगळ्यांनी बीडीएसच करावं असंही नाही. न्यूझीलंडने 1921 पासून शाळेतल्या मुलांचे दात तपासायला, भरायला परिचारिका तयार केल्या. अलास्काच्या आदिवासी आरोग्य संघटनेने 2003 साली आपल्या गावांतली माणसं न्यूझीलंडलाच शिकायला पाठवली. दोन वर्षांचं शिक्षण घेऊन ती परतली, दाढा काढू-भरू लागली. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना न्यायालयात खेचलं, पण काम टिकलं. बर्फातली ती गावं आणि भामरागडच्या नद्यांपलीकडची गावं यांची अडचण एकच आहे: हवामान बिघडलं की वाट बंद आणि बाहेरून आलेला डॉक्टर फार दिवस न राहणारा. आपल्याकडे दंत स्वच्छता तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला गावात स्वतंत्र काम नाही. त्याच्या कक्षा वाढवून एएनएम आणि आशांना तो खुला करता येईल. आणि पुढे ज्याला बीडीएसकडे जायचं आहे, त्याच्यासाठी ती पहिली पायरी होईल. 2023 साली 1948 च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने मंजूर केला. नियम नव्याने लिहिले जाताना ही मागणी या दोन जिल्ह्यांनी करायला हवी.

गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून याच दोन जिल्ह्यांसाठी आहे. त्याने महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना हाताशी धरून शनिवार-रविवारी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे वर्ग गडचिरोली, आलापल्ली, चंद्रपूर, राजुरा इथे चालवले, तर पहिली अडचण तिथेच कमी होईल. प्रयोगशाळा आहेत, शिक्षक आहेत, सुट्टीच्या दिवशी खोल्या रिकाम्या असतात. जिल्हा खनिज निधीतून, जो या खाणींच्या मुलुखात जमा होतो आणि ज्याच्या अग्रक्रमात आरोग्य आणि शिक्षण दोन्ही आहेत, अशा उमेदवारांना पाच वर्षांचं विद्यावेतन द्यावं आणि बदल्यात तितकीच वर्षं तालुक्यात काम करण्याचा करार घ्यावा. पहिल्या वर्षी दहा माणसं आली तरी पुरे. त्यांतल्या दोघांना जागा मिळाली आणि एकजण धानोऱ्याला परतला, तर तिथल्या आश्रमशाळेतल्या मुलांची तोंडं दरवर्षी तपासली जातील, आणि गाल पांढुरका होऊ लागलेल्या चौदा वर्षांच्या पोराच्या हातातला खर्रा तीन बोटं जात असतानाच सुटेल.