शर्यत कशासाठी?



दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाली. पुण्याची त्याहून जुनी, १९८३ सालची. आणि तिकडे स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, १९७९ पासून अशी शर्यत होते. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. बडनेऱ्याहून निघून रुळाच्या कडेकडेने मूर्तिजापूर गाठावे, जवळपास तेवढे अंतर.

टीव्हीवर ती गर्दी पाहून आपल्या चर्चमधील एका आजीबाईंनी मिस्सानंतर आम्हांला विचारले होते, "फादर, हे लोकं कायले पयतेत बाप्पा? कोनी मांगं लागलं काय?" ऐकणारे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतला एक भेद आम्हांला शिकवला गेला. कृतीचा स्वतःचा हेतू एक असतो आणि ती करणाऱ्याचा हेतू दुसरा असू शकतो. विहिरीत दोर सोडण्याचा हेतू पाणी काढणे हाच. पण काढणारा ते तहानलेल्यासाठी काढतो की शेजाऱ्याचे पाणी आटावे म्हणून, ही निराळी गोष्ट. शर्यतीचेही तसेच. ठरलेले अंतर पायांनी पार करणे, एवढाच शर्यतीचा हेतू. धावणाऱ्यांचे हेतू मात्र ज्याचे त्याचे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूची उपमा घेतली, कारण करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला कोमेजून जाणाऱ्या पानांचा मुकुट मिळे. बक्षीस एकालाच, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होते. आजच्या मॅरेथॉनमध्ये जिंकायला येणारे मूठभरच असतात. बाकीच्या हजारोंना पहिल्या नंबराची आशा नसते, तरीही ते हरायला आलेले नसतात. कोणी वजन उतरवायला धावतो, कोणी मित्रांच्या हट्टापायी. आपल्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, १९३६ मध्ये त्याच मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. तिथे कोणते पदक पणाला लागलेले नव्हते. गुलाम देशाच्या माणसांनी आपलेही शरीर ताठ उभे राहते हे जगाला दाखवणे, हा हेतू पुरेसा होता.

येथवर सोपे आहे. अवघड प्रश्न बारामतीचा आहे.

२०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात लता भगवान करे नावाच्या साठी ओलांडलेल्या बाई धावल्या. अंगावर नऊवारी, पाय अनवाणी. जाणकार म्हणतील की ज्येष्ठांची ती छोटी शर्यत म्हणजे काही खरी मॅरेथॉन नव्हे, म्हणू द्या. बाई मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्याच अमरावती धर्मप्रांताच्या मुलखातल्या, आणि मजुरी करून पोट भरणाऱ्या. पती आजारी होते. त्यांच्या तपासणीला पैसे हवे होते आणि शर्यतीचे बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, २०२० साली तो पडद्यावर आला, आणि त्यात लताबाईंची भूमिका लताबाईंनीच केली.

ही गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येते. ते यावेच. पतीवरील प्रेमाची याहून सरळ साक्ष कोणती? पण डोळे पुसल्यावर पुढचा विचार केला पाहिजे. आपण तिथे टाळ्या वाजवल्या त्या कशाला? बाईंच्या धैर्याला वाजवल्या असतील तर ठीक. पण एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी डांबरी रस्त्यावर अनवाणी पळावे लागले, त्या लागण्यालाही आपण नकळत टाळ्या वाजवल्या नाहीत ना?

नीतिशास्त्रात कर्तव्य आणि कर्तव्यापलीकडचे सत्कर्म असा फरक केला जातो. कर्तव्य सर्वांकडून मागता येते, शौर्य कोणाकडूनही मागता येत नाही. लताबाईंचे धावणे दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणून ते थोर. पण आम्हांला असे दिसते की जगातले पुष्कळसे शौर्य दुसऱ्या कोणाच्या तरी राहून गेलेल्या कर्तव्यातून जन्माला येते. ज्याने करायचे त्याने केले असते, तर त्या दिवशी बाईंनी हौसेसाठी धावले असते, किंवा घरी निवांत चहा घेतला असता. हौसेने धावण्यात कमीपणा नाही. पाठीमागे काही लागलेले नसताना धावता येणे, हेच तर माणसाचे स्वातंत्र्य.

कोणी म्हणेल, शर्यत नसती तर ते पाच हजारही मिळाले नसते. हे खरे आहे, आणि आयोजकांना आम्ही दोष देत नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमधूनही दरवर्षी कोट्यवधी रुपये सेवाभावी संस्थांसाठी गोळा होतात. मित्र धावणार म्हणून दहा जण देणगी देतात. चांगलेच आहे. तरी एक गोष्ट आम्हांला चमत्कारिक वाटते. अनाथाश्रमातल्या मुलांना भूक लागते ती बारा महिने. आपला हात खिशात जायला मात्र आधी कोणीतरी बेचाळीस किलोमीटर घाम गाळावा लागतो. गरज पुरेशी नसते, गरजेचा तमाशा लागतो. गरजवंताने धावावे, नाहीतर त्याच्या वतीने दुसऱ्याने धावावे, मगच आपण उठतो.

आणि जे धावू शकत नाहीत त्यांचे काय? लताबाईंचे पाय धड होते. लकवा झालेला बाप, बाळंतपणात खंगलेली सून, ज्यांना आपले दुःख चार माणसांत सांगायचीही लाज वाटते अशी माणसे कोणत्याही शर्यतीत दिसत नाहीत. अकोल्याहून, अमरावतीहून सेवाग्रामला किंवा नागपूरला तपासणीसाठी जायचे म्हणजे गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वर औषधे. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी मग देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली जाते, कापूस विकला जाईपर्यंत. अशा चिठ्ठ्या आपल्या वस्तीतल्या घरांतही आहेत, आणि त्या घरांवरून आपण दर रविवारी मिस्साला जाताना चालत जातो.