मल्लेश्वरचा दगड

बंगळूरच्या नगरथपेठेत एका बोळात गलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, खोलीच ती. भट्टी, मुशी, तेजाबाच्या बरण्या आणि सोनारांकडून झाडून आणलेल्या केराची पोती. तो केर जाळायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगली. रानं कोरडी, मग गावात राहून खाणार काय? या दुकानातले आबा १९७२च्या दुष्काळानंतर आले आणि इथलेच झाले.

त्यांची नात यंदाच गावाहून आली आणि इंग्रजी शाळेत पडली. वर्गात ती तोंडच उघडत नसे. काही चुकलं की पोरं फिदीफिदी हसत. त्यात मिसनी गृहपाठ दिला : तुमच्या भागात अडीनडीला कोण मदत करतं आणि तुमचं घर इथं कुठून आलं, ते विचारून इंग्रजीत एक पान लिहा, सोमवारी वर्गात वाचा.

पप्पांनी लगेच सांगितलं, "लिही, बंगळूर शहाजीराजांची जहागीर होती. शिवबासुद्धा लहानपणी इथं राहिलेत. आपण इथले राजे!"

"राजे ते होते," आबा म्हणाले. "आपण भाडं भरतो."

रविवारी आबा तिला मल्लेश्वरमला, काडु मल्लेश्वराला घेऊन गेले. तिथला शिलालेख तिला वाचता येईना. देवळात बसलेले एक निवृत्त मास्तर आपणहून पुढं आले. १६६९ साली शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी देवाला एक गाव इनाम दिलं, त्याचा हा लेख, म्हणाले.

"पण आबा, राजे तर मराठी होते. मग लेख कानडीत कसा?"

आबांनी ते मास्तरांना विचारलं. मास्तर हसले. "गाव इथलं, माणसं इथली. त्यांना कळायला नको?"

१६८७ साली शहर म्हैसूरकरांकडे गेलं. दगड मात्र अजून तिथंच आहे.

पोरीचं लक्ष आता दगडावर नव्हतं. आबांचं कानडी ती पहिल्यांदाच नीट ऐकत होती. निम्मे शब्द मराठी, क्रियापदं वाटेल तशी. मास्तर मध्येच खो-खो हसले. आबाही हसले, चुकलेला शब्द विचारून घेतला आणि भट्टीच्या कोळशाचे भाव कसे चढले ते सांगत सुटले. इतकी वर्षं धंदा असाच केला असणार त्यांनी.

संध्याकाळी ती जिना चढून वरच्या तमिळ अक्कांकडे गेली. मग बोळाच्या तोंडाशी असलेल्या औषधवाल्याकडे. दोघांनाही तिनं तोच प्रश्न विचारला, तुम्ही कुठून आलात? अक्का वेल्लूरच्या निघाल्या, औषधवाला राजस्थानातल्या पालीचा. कब्बन पार्कातल्या लाल ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे, हे अक्कांनीच तिला सांगितलं; पुढच्या रविवारी नेते म्हणाल्या. पानात तेही गेलं.

सोमवारी ती उभी राहिली. "माय ग्रँडफादर कम टू बँगलोर..."

मागच्या बाकावरून हसू फुटलं. ती थांबली, वळली आणि हसणाऱ्यालाच विचारलं, "मग काय म्हणायचं? सांग."

तो गडबडला. "केम."

"केम," ती म्हणाली, पेन्सिलीनं दुरुस्त केलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.